वरच्या कोर्टात जाण्याआधी

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित 1897 साली वारले. इस्टेटीची व्यवस्था पाहण्यासाठी मृत्युपत्रात त्यांनी ज्यांची नावे घातली होती, त्यांत बाळ गंगाधर टिळक होते. पुढे 1901 साली औरंगाबादेत जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तकविधान झाले. पण बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनी थोड्याच दिवसांत ते दत्तक नाकारले, दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. औरंगाबादेला दत्तकविधान खरोखर झाले होते का, हा वादाचा गाभा होता. 1906 साली पुण्याच्या न्यायाधीशांनी ‘झाले’ असा निकाल दिला. 1910 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरवला. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. 1915 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून पुण्याचा निकाल पुन्हा कायम केला.

साक्षी पुण्यात झाल्या होत्या. मुंबईत आणि लंडनमध्ये वाचली गेली ती त्याच साक्षींची लेखी नोंद. तरीही एका कोर्टाला साक्षीदार खरे वाटले, दुसऱ्याला खोटे, तिसऱ्याला पुन्हा खरे. प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाच्या निकालातला दोष नेमका दाखवला. ज्या कागदांवरून साक्षीदारांना खोटे ठरवले, ते कागद उलटतपासणीत त्यांच्यासमोर ठेवून खुलासाच विचारला नव्हता. साक्षीदाराला उत्तर द्यायची संधी न देता त्याला खोटे ठरवता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले आणि भारतातली न्यायालये आजही त्याचा आधार घेतात.

दिवाणी अपील म्हणजे काय, हे या प्रकरणातून जितके समजते तितके कलमांच्या यादीतून समजत नाही. अपिलात दावा पहिल्यापासून पुन्हा चालत नाही. खालच्या कोर्टाने समोरच्या नोंदीवरून जो निष्कर्ष काढला तो त्या नोंदीतून निघतो का, हे तिथे तपासले जाते. म्हणून अपिलाचे भवितव्य बऱ्याच अंशी दावा चालू असतानाच ठरते: कैफियतीत काय लिहिले, कोणते मुद्दे निघाले, कोणत्या कागदाला निशाणी पडली, उलटतपासणीत काय विचारले आणि काय विचारायचे राहिले. पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात वाचकाने ही एक गोष्ट मनात ठेवावी, असे मला वाटते.

हे पुस्तक वकिलांसाठी लिहिलेले नाही. तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा, वहिवाटीचा, करारपूर्तीचा किंवा मनाई हुकमाचा दावा लढवून निकाल हातात घेतलेल्या माणसासाठी ते आहे. बाहेर व्हरांड्यात त्याच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘आता वर जाता येईल का?’ त्याला बहुधा ‘येईल’ एवढेच उत्तर मिळते. कुठे, किती दिवसांत, कशासाठी आणि जाऊन काय पदरात पडू शकते, हे त्याला कोणी नीट बसून सांगत नाही. ते सांगणे हे या पुस्तकाचे काम.

पहिली गोष्ट, अपील हा जन्मसिद्ध हक्क नाही. 1974 साली गंगाबाई विरुद्ध विजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्वच्छ मांडला. दिवाणी दावा लावायला कायद्यातली वेगळी परवानगी शोधावी लागत नाही. कायद्याने मनाई केलेली नसली की पुरे. अपिलाला मात्र कायद्याचा स्पष्ट आधार लागतो. हा आधार मुख्यतः 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. कलम 96 खाली मूळ हुकूमनाम्यावर पहिले अपील होते. उभयपक्षांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर ते होत नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावरही होत नाही. म्हणून तडजोडीच्या पुरसिसवर सही करताना ‘नंतर बघू’ हा विचार करून चालत नाही. तिथे ‘नंतर’ जवळजवळ नसतेच.

अपील कुठे करायचे, हे दावा कोणत्या न्यायाधीशांनी चालवला आणि त्याचे मूल्यांकन किती होते, यावर ठरते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात. वरिष्ठ स्तराच्या निकालावर, ठरावीक मूल्यापर्यंत जिल्हा न्यायालयात आणि त्याहून मोठ्या दाव्यात थेट उच्च न्यायालयात. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाचा निकाल थेट उच्च न्यायालयात जातो. मुंबई उच्च न्यायालय 1862 पासूनचे; आज त्याची खंडपीठे नागपूर, औरंगाबाद आणि गोवा येथे आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. सावंतवाडीच्या माणसाला एका तारखेसाठी मुंबई गाठायला रात्रभराचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च पडत असे. न्याय किती दूर आहे, यावरही तो कोणाला परवडतो ते ठरते.

इथे एक सावधगिरीची सूचना. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीचे अपील ही वेगळी वाट आहे. ती 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली प्रांताकडून वर जाते. महसुली नोंद मालकी ठरवत नाही. मालकी दिवाणी कोर्ट ठरवते. प्रांताकडे जिंकलो म्हणून दिवाणी निकालाकडे पाठ फिरवणारे आणि मुदत घालवून बसणारे पक्षकार कमी नाहीत.

आता मुदत. जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. 1963 च्या मुदत कायद्याने निकालाचा दिवस यातून वगळला आहे, आणि नक्कल मिळवायला लागलेला वेळही. पण हा दुसरा वेळ मोजायचा कसा, यात घोळ होतो. प्रमाणित नक्कल हातात आली की तिच्यावरचा शिक्का आधी वाचावा. नक्कलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा त्यावर असतात. समजा, निकाल 10 जूनला लागला. 11 जूनपासून मोजले तर तिसावा दिवस 10 जुलै. नक्कलेचा अर्ज 14 जूनला केला आणि नक्कल 28 जूनला तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून 15 दिवस वगळले जातात आणि शेवटचा दिवस 25 जुलै होतो. नक्कल तयार असूनही ती तुम्ही आठ दिवसांनी नेली, तर ते आठ दिवस तुमच्या खात्यावर. अर्ज करायलाच पंधरा दिवस लावले, तर तेही तुमचेच. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते. निकाल लागला त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडण्याआधी नक्कलेचा अर्ज द्यावा, असा आग्रह या पुस्तकात वारंवार येतो तो याचसाठी.

मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज अपिलाबरोबरच द्यावा लागतो. 1987 च्या कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जांकडे उदारपणे पाहावे असे सांगितले, कारण उशिराने अपील करून सहसा कोणाचाच फायदा होत नसतो. पण ही उदारता आळसासाठी नाही. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, कोणी चुकीची माहिती दिली असेल तर तिचा तपशील, आणि उशीर झालेल्या काळाचा समाधानकारक खुलासा लागतो. ‘कायद्याची माहिती नव्हती’ एवढ्या वाक्यावर भरवसा ठेवू नये.

मुदतीइतकाच दुसरा मोठा गैरसमज स्थगितीचा. अपील दाखल केले म्हणजे खालचा निकाल आपोआप थांबला, असे अनेकजण धरून चालतात. संहितेच्या आदेश 41, नियम 5 मध्ये याच्या नेमके उलट लिहिले आहे. स्थगिती मागावी लागते, ती न मिळाल्यास काय नुकसान होईल ते दाखवावे लागते आणि बहुधा तारण द्यावे लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम किंवा तिचा काही भाग भरायला सांगितला जातो. स्थगिती नसेल तर जिंकलेली बाजू दरखास्त लावून ताबा घेऊ शकते. बेलिफ दारात उभा राहिल्यावर अपिलाचा नंबर दाखवून काही उपयोग होत नाही. अपिलाची मुदत संपण्याआधी ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टाकडे थोड्या दिवसांची स्थगिती मागता येते, ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते. उलट बाजूने, जिंकलेल्या पक्षकाराने वरच्या कोर्टात कॅव्हेट दाखल करून ठेवावे. ते 90 दिवस चालते आणि आपले म्हणणे न ऐकता एकतर्फी स्थगिती मिळण्याला त्याने आडकाठी होते. अपील पुढे मंजूर झालेच, तर मधल्या काळात गेलेला ताबा किंवा पैसा परत मागण्याची तरतूद कलम 144 मध्ये आहे. पण पाडलेले घर त्या कलमाने उभे राहत नाही. म्हणून स्थगितीचा अर्ज हा अपिलातला सर्वांत तातडीचा कागद समजावा.

दाव्यातल्या प्रत्येक हुकमावर अपील होत नाही, हेही समजून घ्यावे लागते. निशाणी 5 च्या अर्जावर, म्हणजे तात्पुरत्या मनाईवर झालेल्या हुकमाविरुद्ध किरकोळ दिवाणी अपील होते. इतर अनेक मधल्या हुकमांवर होत नाही. तिथे फार तर पुनरीक्षण किंवा घटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयाकडे अर्ज, तोही क्वचित. कायदेमंडळाचा हेतू स्पष्ट आहे: प्रत्येक पावलावर वर धावत गेले तर दावा कधी संपणारच नाही. मधल्या हुकमातली चूक निकालावर परिणाम करणारी असेल, तर ती शेवटच्या अपिलात मांडता येते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबांनी तो पाठ करावा. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. कोणाचा किती हिस्सा, हे त्यात ठरते. प्रत्यक्ष तुकडे नंतर पडतात. शेतजमिनीच्या बाबतीत ते काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. बहिणीला हिस्सा मिळाला तो बरोबर की चूक, एखादा गट स्वकष्टार्जित होता की वडिलोपार्जित, हे सगळे प्राथमिक हुकूमनाम्यातच संपते. त्यावर वेळेत अपील केले नाही, तर अंतिम हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात तो प्रश्न उकरून काढता येत नाही, असे कलम 97 सांगते. मोजणीदार बांधावर उभा राहतो तेव्हा कुटुंब जागे होते. तोवर भांडायची जागा मागे पडलेली असते.

पहिले अपील हे अपिलांतले सर्वांत भरीव. तिथे कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही खुली असतात. जिल्हा न्यायाधीश सगळा पुरावा नव्याने तोलू शकतात. 2001 साली संतोष हजारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पहिले अपील हा पक्षकाराचा मोलाचा हक्क आहे, आणि खालचा निकाल फिरवताना त्याच्या कारणांना भिडावेच लागते. आदेश 41 च्या नियम 31 प्रमाणे निकालपत्रात निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणे असावी लागतात. ‘खालच्या कोर्टाशी सहमत, अपील नामंजूर’ अशा दोन ओळींवर अपील निकाली काढता येत नाही. त्याचबरोबर साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिले ते खालच्या न्यायाधीशांनी, याचे भान वरच्या कोर्टाला ठेवावे लागते.

अपील मेमो लिहिताना हीच दृष्टी हवी. ‘निकाल अन्यायकारक आहे’ हे वाक्य कोर्टाला काहीच सांगत नाही. ‘निशाणी 34 ही नोंदणीकृत विक्रीखताची नक्कल होती, तिचा उल्लेख निकालात कुठेच नाही’ हे वाक्य कोर्टाला नोंद उघडायला लावते. पहिल्या वाक्यात तक्रार आहे, दुसऱ्यात मुद्दा. मेमोत न घेतलेले कारण कोर्टाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही, म्हणून मुद्द्यांची निवड विचाराने करावी. नवा कागद देण्याची वाट तर फारच अरुंद. खालच्या कोर्टाने तो नाकारायला नको होता तरी नाकारला, पुरेशी काळजी घेऊनही तो त्या वेळी देता आला नाही, किंवा निकालासाठी कोर्टालाच तो आवश्यक वाटला, अशाच परिस्थितीत अपिलात वाढीव पुरावा येतो. घरातल्या ट्रंकेत होता आणि शोधला नाही, हे कारण चालत नाही.

ज्याच्याविरुद्ध अपील झाले त्याच्या हातातही काही असते. निकाल अर्धा आपल्या बाजूने आणि अर्धा विरुद्ध असेल, तर नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात उलट हरकती दाखल करता येतात. एकूण निकाल आपल्या बाजूचा, पण एका मुद्द्यावरचा निष्कर्ष विरुद्ध असेल, तर त्यालाही हरकत घेता येते. ही संधी अनेकदा नकळत जाते.

दुसऱ्या अपिलाच्या पायरीवर चाळणी एकदम बारीक होते. कलम 100 खाली उच्च न्यायालयात दुसरे अपील होते ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. 1976 च्या दुरुस्तीने ही अट कडक केली. तो प्रश्न मेमोत मांडावा लागतो, न्यायालयाने तो काढावा लागतो आणि सुनावणी त्यावरच होते. महत्त्वाचा प्रश्न म्हणजे काय, याची कसोटी 1962 साली मुंबईहूनच गेलेल्या सर चुनीलाल मेहता प्रकरणात ठरली: पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा, आणि ज्याचे उत्तर आधीच पक्के झालेले नाही किंवा ज्यावर खरोखर दोन मते संभवतात असा. साक्षीदार खोटे बोलला, ही तक्रार इथे ऐकली जात नाही. पुरावा नसतानाच निष्कर्ष काढला, दस्ताचा कायदेशीर अर्थ चुकीचा लावला, सिद्धतेचा भार भलत्याच बाजूवर टाकला, यांतून मात्र प्रश्न निघू शकतो. रक्कम वसुलीचा दावा 25,000 रुपयांपर्यंतचा असेल, तर दुसरे अपील नाहीच.

त्याही वर सर्वोच्च न्यायालय. प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार 1949 साली संपला आणि 1950 पासून शेवटचा शब्द दिल्लीत उच्चारला जाऊ लागला. उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र दिले तर अनुच्छेद 133 खाली, नाहीतर अनुच्छेद 136 खाली विशेष परवानगी मागून तिथे जाता येते. ही परवानगी न्यायालयाच्या विवेकावर आहे. ती नाकारली म्हणजे खालच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाने पसंतीची मोहोर उठवली असे होत नाही. एवढेच की त्यांनी त्यात लक्ष घातले नाही.

या सगळ्या वाटेत कायद्याइतकेच मोठे वास्तव म्हणजे वेळ. अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, माणसे वारतात. अपीलकार किंवा समोरचा पक्षकार वारला तर 90 दिवसांत वारस नोंदवावे लागतात. नाहीतर त्याच्यापुरते अपील संपते. ते पुन्हा जिवंत करायला आणखी 60 दिवस आणि पुढे विलंब माफी. आठ भावंडांच्या वाटपात एकाचे वारस आणायचे राहिले, तर हुकूमनामा अविभाज्य आहे म्हणून सगळे अपीलच कोसळू शकते. पक्षकार वारल्याचे वकिलाने कोर्टाला कळवावे, असा नियम आहे. पण वकिलाला कळवायचे घरच्यांनीच. तेराव्याच्या गर्दीत हे कोणाला सुचत नाही, म्हणून ते आधीच माहीत असावे.

पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. कोर्ट फी, नक्कला, वकिलाची फी, प्रवास हे जमवताना जमिनीचा एखादा तुकडा गहाण पडतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि इतर काही वर्गांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तो अपिलालाही लागू आहे. तालुका विधी सेवा समिती बहुधा कोर्टाच्या आवारातच असते. तिथे अर्ज करणे म्हणजे दया मागणे नव्हे. अपील चालू असताना मध्यस्थीची वाटही खुली राहते, आणि एकाच विहिरीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या वाटून घ्यायचे असेल तिथे ती अनेकदा निकालापेक्षा टिकाऊ ठरते.

अपिलाची ही व्यवस्था मला मोलाची वाटते ती एका कारणासाठी. न्यायाधीश माणूस असतो, चुकू शकतो, हे या व्यवस्थेने उघडपणे मान्य केले आहे, आणि चूक दाखवण्याचा अधिकार हरलेल्या साध्या माणसाच्या हातात दिला आहे. पण अधिकार वापरायचा तर त्याची रीत माहीत हवी. म्हणून वर जायचे की नाही हे ठरवण्याआधी वाचकाने आपले निकालपत्र स्वतः वाचावे, समजत नसेल तर वकिलाकडून ओळीओळीने समजून घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत. कोर्टाने दिलेले कोणते कारण चुकले? ते चुकले हे नोंदीतल्या कोणत्या पानावरून दिसते? आणि ते दुरुस्त झाले तर शेवटचा निकाल बदलेल का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर एक दिवसही न दवडता अपील करावे. मिळाली नाहीत, तर मन घट्ट करून निकाल स्वीकारावा आणि वाचलेला पैसा नि वेळ संसाराला लावावा. या दोन्हींपैकी कोणताही निर्णय समजून-उमजून घ्यायला या पुस्तकाची मदत झाली, तर ते आपल्या कामास उतरले असे मी मानेन.